गल्ल्यावरचं लिनक्स

शहाद्याच्या बाजारात नथमल शेठचं दुकान मोटारी, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं. रब्बीची लगबग सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. सकाळी शटर वर गेलं, अगरबत्ती लागली आणि काउंटरवर काम करणाऱ्या नोकराने, उखाने, नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मग तो आतल्या बाजूला ओरडला.

"भाभी, दखा बरं हाई. लाल लाल काय ई ऱ्हायनं?"

फाल्गुनी हातातला झाडू टाकून आली. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. तिने गोदामातला कॉम्प्युटर लावून पाहिला. तिथेही तेच. हिशोबाच्या लॅपटॉपवर लाल मजकूर नव्हता, पण इतर दोन कॉम्प्युटरसाठी मोकळा ठेवलेला त्यातला फोल्डर उघडला, तर प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट चिकटलेलं. गिऱ्हाइकांची नावं, कोणत्या मोटारीची वॉरंटी कधीपर्यंत, गोदामात काय किती, सगळं त्या शेपटांच्या मागे अडकलं होतं.

फाल्गुनी ही नथमल शेठची सून. माहेर नवापूरचं, वडिलांचं कापडाचं दुकान. बारावीनंतर मुलीला रोज रेल्वेने नंदुरबारला पाठवायचं की नाही यावर घरात बरीच वादावादी झाली होती. "पाठवायचं नसेल तर नका पाठवू, मी स्वतः जाईन," असं ती म्हणाली आणि गेली. बीसीए केलं. तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स होतं, कोणालाही फुकट आणि रीतसर मिळणारं. पहिले काही महिने मुली त्याला शिव्या घालायच्या. फाल्गुनीही घालायची. पण पुढे तिला त्याची सवय लागली आणि मग गोडी. लग्न होऊन शहाद्याला आली, तेव्हा सासऱ्यांनी बिलं काढायचं काम तिच्याकडे दिलं. शिकलेली सून आहे, घरात बसून काय करणार, असा हिशोब. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि बिलावर मराठी, हे तिला लवकरच जमलं. मात्र कॉम्प्युटर कोणता, त्यात काय घालायचं, हे ठरवायला ती यायच्या आधीपासून एक माणूस ठरलेला होता. त्याचं नाव भाग्येश.

भाग्येश पाटील म्हणजे बाजारातला कॉम्प्युटर डॉक्टर. हसरा, हाकेला धावणारा. अर्ध्या बाजाराच्या मशीनमध्ये त्यानेच विंडोज घातलेलं, आणि ते सगळं एकाच पेनड्राइव्हमधून. विकत न घेतलेली, कुलूप तोडलेली कॉपी. ती चालावी म्हणून तो अँटिव्हायरस बंद करून ठेवायचा आणि कंपनीकडून येणारे अपडेटही. हे फाल्गुनीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं आणि बोलूनही दाखवलं होतं. "सगळा बाजार हेच वापरस भाभी," असं तो तेव्हा हसत म्हणाला होता.

त्या सकाळीही तो धावत आला. बघितलं, डोकं खाजवलं.

"शेठ, दोन रस्ते शेत. सुरतला माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो यांच्याशी बोलून भाव कमी करून देतो. नाहीतर फायली सोडा, मी लगेच फॉरमॅट मारून तेच विंडोज परत टाकून देतो."

नथमल शेठ व्यापारी माणूस. नड आली की मिटवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं, ही त्यांची रीत. ते म्हणाले, "बोलून घे सुरतवाल्याशी."

"नाही," फाल्गुनी म्हणाली.

दुकानात सून सासऱ्यांच्या शब्दावर शब्द ठेवते हे उखाने पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो पाइपांच्या गठ्ठ्याकडे वळला आणि उगाच दोरी आवळत बसला.

"त्यांना एक रुपया द्यायचा नाही बापूजी. दिला तरी किल्ली मिळेल याची हमी कोण देणार? आणि मिळाली तर पुढच्या हंगामात पुन्हा येतील. आपण देणारे आहोत हे त्यांना कळेल. आणि हे विंडोजही परत घालायचं नाही. याच दारातून चोर आला."

"कोणत्या दारातून?"

"भाग्येशभाऊंनी जे दार उघडं ठेवलं त्या."

भाग्येशचं हसू मावळलं. "म्हणजे मी चोर का?"

"तुम्ही कुलूप काढून ठेवलं. लॅपटॉप बघा. तो विकत घेतला तेव्हाच त्यात खरं विंडोज अकरा होतं, रोज अपडेट घेतं. त्याला काही झालं नाही. आपण त्याच्यातला फोल्डर बिनपासवर्डचा मोकळा ठेवला होता, तेवढाच गेला. तो दोष माझा धरा. बाकीची दोन मशीनं तुमची."

गिऱ्हाईक दारात उभं होतं. "काय करायचं ते कर, पण धंदा थांबता कामा नये," एवढं म्हणून शेठ मोटार दाखवायला उठले.

परवानगी म्हणावी अशी ही परवानगी नव्हती. फाल्गुनीने मात्र ती तशीच धरली.

आधी तिने गेलेलं परत मिळवायला घेतलं. दुकानाच्या मोबाइलवरून ती गिऱ्हाइकांना बिलाची प्रत पाठवत असे. अलीकडची सगळी बिलं त्या फोनमध्ये सुखरूप होती. दुपारी बाजार सुस्तावला की ती एकेक उतरवून घ्यायची. त्याआधीचं गेलं ते गेलंच. जुन्या वॉरंटीसाठी कोणी आलं तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं तिने ठरवलं, आणि शेठनाही ते पटलं.

मग प्रश्न आला मशीनचा. काउंटरवरचा कॉम्प्युटर जुना. विंडोज दहाचा काळ सरत आलेला, कंपनी त्याची डागडुजी थांबवणार होती, आणि विंडोज अकरा या जुन्या प्रोसेसरला पायरीवरही उभं करत नव्हतं. गोदामातला तर त्याहून म्हातारा. तिचा नवरा पारस तेव्हा राजकोटला मोटारींच्या खरेदीला गेला होता. फोनवर त्याने सुचवलं, "दोन्ही नवीन घेऊन टाकू. माझा मामेभाऊ म्हणतो मॅक घ्या, त्याला काही होत नाही."

"मॅक चांगलं आहे. पण आपलं हिशोबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत नाही, आणि ते आपला खडखड्या प्रिंटर बघून रडेल. शिवाय धडधाकट मशीन भंगारात का घालायचं? त्याच्या हातापायाला काही झालेलं नाही, पारस."

"बापूजी ऐकतील?"

"तू बोलशील का त्यांच्याशी?"

"मला मध्ये घेऊ नको," पारस म्हणाला. स्वभावाने तो असाच होता, भला आणि भांडणापासून चार हात लांब.

तिने लिनक्स पेनड्राइव्हवर घेतलं. ते आत घालायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, म्हणून तिने उखाला बाजूला बसवून एकेक वस्तू तपासली. बारकोडचा स्कॅनर लावताच चालला. खडखड्या प्रिंटर, ज्याच्यासाठी भाग्येश दर वेळी तासभर घाम गाळायचा, तो तर लगेच खडखडायला लागला. उखाने टाळी वाजवली. मात्र वायफायचा छोटा डोंगल काही केल्या ओळखला जाईना. तिने नाद सोडला आणि छताच्या कडेने वायर ओढून आणली. सगळ्यात वाईट निघालं पाइपांवर चिकटवायचे स्टिकर छापणारं मशीन. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी काही केलेलंच नव्हतं. तिने इंटरनेट पालथं घातलं, परक्या लोकांना विचारलं. कागद कोराच बाहेर यायचा.

तरीही दोन्ही मशीनवर तिने लिनक्स घातलं आणि बिलाचं काम इंटरनेटवरून, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बिलिंगवर नेलं. मेनू मराठी केला, कारण उखाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तर त्याच्यावरूनच पहिली ठिणगी पडली.

"भाभी, हाई संपादन काय शे? सरकार जमीन लेस तेच का?"

"नाही रे, लिहिलेलं बदलायचं म्हणजे संपादन."

"मंग बदल असं लिखाले काय व्हतं?"

त्याचं खरंच होतं. पण दोन-तीन दिवसांतच तो तिला म्हणाला, "पहिले मी बटन कथं शे ते पाठ करेल व्हतं. आते वाचस." हे तो सहज बोलून गेला आणि सामान काढायला गेला. फाल्गुनीला मात्र त्या वाक्याने दिवसभर बळ दिलं.

बळ लागणारच होतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी दरपत्रकाची लिनक्सवर गिचमीड झाली होती, ते सगळं तिला पुन्हा टाइप करावं लागलं. मंगळवारी आठवडी बाजाराच्या गर्दीत बिलिंग अडकलं. तिघं जण रांगेत. प्रकाशा गावचा एक शेतकरी पंपाचं बिल हवं म्हणून उभा होता.

"शेठ, बील दी ऱ्हायनात का मी जाऊ? बस निंघी जाई मन्ही."

भाग्येश समोरच्या चहाच्या टपरीवर होता. तिथूनच म्हणाला, "फुकटचं शे ना ते, फुकटच्या वेगानेच चाली!" माणसं हसली. नथमल शेठ मात्र त्या दिवशी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"फाल्गुनी, जुनं परत लाव."

"इंटरनेट गेलंय बापूजी, लिनक्स नाही. हे बिलिंग विंडोजवर असतं तरी अडकलंच असतं." तिने हाताने बिल लिहून त्या माणसाला दिलं.

"हे कोणी वापरत नाही. गावात एक माणूस दाखव हे वापरणारा."

"तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या खिशातला फोन. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. गेली कित्येक वर्षं तुम्ही तेच वापरताय."

शेठनी खिशावर हात ठेवला, काढला, आणि गल्ल्याकडे वळले. हा वाद तिथे थांबला खरा, मिटला नव्हता.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला गल्ल्याशेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू लागलं. भाऊबीजेला फाल्गुनी नवापूरला गेली, पारसही बरोबर. ती परत येऊन दुकानात पाऊल ठेवते तो काउंटरच्या पडद्यावर ओळखीची निळी खिडकी. भाग्येशची. तिची वायर गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली. उखा मान खाली घालून उभा.

"शेठनी सांगं भाभी. मी काय करू?"

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

ती गल्ल्याजवळ गेली. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. शेठ एका गिऱ्हाइकाला केबल मोजून देत होते.

"बापूजी, हे कोणी घातलं?"

"मी घालायला सांगितलं. स्टिकर छापले जात नव्हते. गिऱ्हाईक खोळंबतं. दुकान माझं आहे बेटा."

"दुकान तुमचंच आहे. पण या मशीनवर मी बसणार नाही."

"हळू बोल."

"हळू बोलून तीन वर्षं झाली." तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल इतका स्पष्ट होता. "ही कॉपी आपण विकत घेतली नाही. बनवणाऱ्याने ती आपल्याला दिली नाही. बापूजी, तुम्ही रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात अठरा पापं म्हणता. त्यातलं तिसरं कोणतं?"

मोजलेली केबल शेठच्या हातात तशीच राहिली. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तानंतर ते पाणी पीत नाहीत, रोजच्या पापांची कबुली देणारं प्रतिक्रमण चुकवत नाहीत, वजनात कधी गुंजभर कमी देत नाहीत, हे अख्ख्या बाजाराला माहीत. तिसरं पाप अदत्तादान. दिलं नाही ते घेणं.

"घरी जा," ते एवढंच म्हणाले.

"जाणार नाही. मी काम करायला आले आहे."

तिने गल्ल्याखालचं हातबिलांचं पुस्तक उचललं, कार्बन घातला आणि दुकानाच्या बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. ऊन तिरपं अंगावर येत होतं. आतून शेठ सामान देत, बाहेर ती बिल लिही. कोणी विचारलं तर सांगे, "कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर आहे, म्हणून हाताने." काहींना ते वेड वाटलं. समोरच्या टपरीवरून भाग्येशने एकदा बघितलं आणि तो मागच्या गल्लीने निघून गेला. तिच्या आत भीती नव्हती असं नाही. आज घरी काय होईल, पारस काय म्हणेल, नवापूरला फोन जाईल का, हे सगळं मनात घोळत होतं. पण उठायचं नाही एवढं पक्कं होतं. दुपारी उखा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसून बिलावरचे नग मोजून सांगू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी शेठ घरी दिवस मावळायच्या आत जेवले आणि माडीवर गेले. पारस बायकोला दबक्या आवाजात म्हणाला, "चारचौघांत बोलायला नको होतं तू."

"चौघांतच घातलं ना ते परत? मग बोलायचं कुठे?"

सासू भूरीबाई ताटं आवरत होत्या. दुकानाच्या कारभारात त्या कधी पडत नसत. कॉम्प्युटरला हात लावायचाही त्यांना धीर नव्हता. फाल्गुनीला वाटलं, आता बोलणी बसणार. भूरीबाईंनी हात पुसले आणि जिन्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "तिसरं काय ते तिनं बरोबर सांगितलं. आवाज तेवढा मोठा होता." मग सुनेकडे वळून, "पुढच्या वेळी घरात सांग. पण सांग."

सकाळी शेठ दुकानात आधी येऊन बसले होते. त्यांनी माफी मागितली नाही, फाल्गुनीनेही नाही. पडद्याकडे बोट करून ते म्हणाले, "तुझं ते घाल परत. पण स्टिकर छापले गेलेच पाहिजेत. ते मला तू लिहून दे हवं तर."

"माझ्यावाल्यावर ते चालणार नाही बापूजी. मी सगळं करून बघितलं. हरले."

ती हरले म्हणाली तेव्हा शेठनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"मग?"

"स्टिकरचं मशीन लॅपटॉपला लावू. तिथे विंडोज खरं आहे. हिशोबही तिथेच राहील, कारण ते सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. काउंटर आणि गोदाम लिनक्सवर. फोल्डरला पासवर्ड. आणि दर शनिवारी सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यायची, ती डिस्क घरी कपाटात. लिनक्स आहे म्हणून चोर येणार नाही असं नाही. दार चांगलं आहे, पण आपण उघडं टाकलं तर कोणीही येईल."

"म्हणजे विंडोज चालतं तुला?"

"विकत घेतलेलं चालतं. माझं भांडण विंडोजशी नव्हतंच."

"हे आधी सांगितलं असतंस तर," शेठ म्हणाले.

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात."

शेठनी स्वतः उठून स्टिकरचं मशीन उचललं आणि लॅपटॉपशेजारी नेऊन ठेवलं.

हंगाम निभावला. गोदामातला म्हातारा हलक्या लिनक्सवर आपल्या चालीने चालत राहिला. बाजारात मात्र बोलणं पसरलं. पायरीवर बसलेली नथमल शेठची सून पुष्कळांनी पाहिली होती. कोणी चेष्टा केली, आणि कोणी हळूच येऊन विचारलं, आमच्याकडे बघाल का? पहिल्यांदा विचारणारी होती लोणखेड्याची चारुलता पाटील. नवऱ्याबरोबर पपईच्या रोपांची नर्सरी चालवायची. तिच्या लॅपटॉपवर काहीतरी आपोआप उघडत होतं.

"दुसऱ्याच्या घरी जाऊन मशीन उघडायचं?" शेठ म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नथमल शेठची सून आली."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तुम्ही नको म्हणा बापूजी. मी जाऊन येते." तिने स्कूटीची किल्ली घेतली. शेठनी अडवलं नाही, की जा म्हटलं नाही. उखा म्हणाला, "भाभी, दुपारले गर्दी ऱ्हास, लवकर या," आणि ती निघाली.

लोणखेड्यात हिरव्या जाळीखाली पपईची रोपं ओळीने उभी होती. ओट्यावर खुर्ची टाकून चारुलताने लॅपटॉप पुढे ठेवला आणि लगेच सांगून टाकलं, "ताई, मला पण तुमचं ते लिनक्स घालून द्या. मी ऐकलंय त्याला व्हायरस लागत नाही."

"लागत नाही असं काही नसतं. कमी लागतो. तू याच्यावर काय करतेस ते सांग आधी."

चारुलताने सांगितलं. मुलीचा ऑनलाइन क्लास, गिऱ्हाइकांना रोपांचे फोटो पाठवणं, नवऱ्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि फोटोचा रंगीत प्रिंटर. फाल्गुनीने मशीन उलटसुलट करून बघितलं, सेटिंग उघडली. लॅपटॉप तसा नवाच होता.

"तुला लिनक्स नको. तुझा लॅपटॉप विंडोज अकरा घेतो. विकत घेतलास तेव्हा खरी कॉपी होती यात. ती काढून कोणीतरी ही घातली. तुझ्या लायसन्सची किल्ली मशीनमध्येच असते, खरी परत येईल. हिशोबाचं आणि प्रिंटरचं काम तुला इथेच सोपं जाईल."

चारुलता हिरमुसली. "मी तर सासूबाईंना सांगून बसले, की आता आपणही लिनक्सवाले."

"सांग त्यांना, फाल्गुनीताई नाही म्हणाली."

"त्या म्हणतील, मग तिला बोलावलं कशाला?"

"चोरीचं काढायला. त्याला मी कुठेही येते." तिने बाह्या मागे सारल्या. "रिकामी हार्डडिस्क आहे का घरात? आण. आधी तुझ्या मुलीचे फोटो आणि हिशोब बाहेर काढू. ते झाल्याशिवाय मी एकाही बटणाला हात लावणार नाही, तुझ्या सासूबाई कितीही घाई करू देत."

आतून सासूबाईंचा आवाज आला, की मी काही घाई करत नाहीये, चहा ठेवलाय. चारुलता हसत डिस्क शोधायला धावली.